सां रोक पलीकडे असताना

आमच्या इगर्जीतला कुत्रा अजून काळाच आहे. मधल्या काळात वेदीच्या खांबांना सोनेरी पट्टे आले, भिंतींना डिस्टेंपर लागला, सायबाच्या मूर्तीला दोनदा नवा रंग दिला गेला. पण सायबाच्या पायाशी बसलेल्या त्या लाकडी कुत्र्याला हात लावायला कुणी धजत नाही. तोंडात भाकरी, एक कान तुटलेला, मेणबत्त्यांच्या काजळीनं डांबरासारखा झालेला. यंदा बऱ्याच वर्षांनी फेस्ताला, सायबाच्या सणाला, गावी गेले आणि भर दुपारी, इगर्जीत कुणी नसताना, बाकावर जाऊन बसले. भिजलेल्या चिऱ्यांचा वास, जुन्या मेणाचा वास, फुलदाणीतल्या सोनटक्क्याचा वास. बाहेर श्रावणातलं ऊन पडलं होतं. दार सताड उघडं होतं. तरी मला वाटलं, आपल्याला इथून बाहेर पडता येणार नाही. अकराव्या वर्षी वाटायचं, अगदी तसं.

सां रोक आमच्या गावचा राखणदार संत. आमच्यात संताला सायब म्हणतात. खाडीकाठचं गाव, समोर देवबागची वाळूची पट्टी, तिच्यापलीकडे दर्या. आमच्या पणज्यांच्याही आधी कधीतरी गावात पटकीची साथ आली आणि निम्मी घरं ओस पडली. उरलेल्यांनी नवस केला, आणि होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं फणसाच्या लाकडातून सायब घडवला. त्या सुतारानं संत कुठं पाहिलेला होता? त्यानं तांडेल पाहिले होते. म्हणून आमचा सां रोक तांडेलासारखा दिसायचा. रुंद खांदे, रापलेला रंग, लाटांवरचं ऊन बघून बघून बारीक झालेले डोळे. मांडीवर जखम, हातात काठी. शेजारचे हिंदू लोक त्याला ‘कुत्र्यावालो सायब’ म्हणायचे आणि गुरांना रोग आला की मेणबत्ती आणून लावायचे.

फेस्ताच्या दिवशी पाद्रीबाब त्याची गोष्ट सांगत. पाद्रीबाब गोव्याकडचे, साष्टीतले. उंच, किडकिडीत, तपकीर ओढणारे. सां रोक साथीच्या रोग्यांची सेवा करत गावोगाव फिरला. मग त्यालाच रोग झाला. आपल्यामुळे कुणाला लागण होऊ नये म्हणून तो रानात जाऊन पडला, आणि एक कुत्रा रोज त्याला भाकरी आणून देऊ लागला. इथवर गोष्ट आली की आम्ही पोरं माना उंचावून कुत्र्याकडे बघायचो. पुढचा भाग पाद्रीबाब भरभर उरकत. बरा होऊन सां रोक आपल्या गावी परत निघाला. तिकडं लढाई चालली होती. सरहद्दीवर शिपायांनी त्याला हेर समजून धरलं. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, आणि आपल्याच गावच्या तुरुंगात, कुणीही न ओळखता, तो पाच वर्षांनी मेला. तोवर पावसाची सर येऊन गेलेली असायची, अंगणात बँड वाजायला लागलेला असायचा आणि आमचं लक्ष बाहेरच्या खाज्याच्या दुकानाकडे गेलेलं असायचं.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात सायबाच्या पाठीत वाळवी सापडली. बोट घातलं तर भुसा निघत होता. कुत्रा वेगळ्या लाकडाचा, तो शाबूत होता.

माझी माय गोव्याची. तिनंच पाद्रीबाबांना सांगितलं, “माझ्या म्हायाराक चितारी आसा, शेजारीच. सायबाक तो असो बरो करीत, तुमी बघा.” दर मे महिन्यात माय मालवणच्या बंदरातून बोटीत बसून पणजीला उतरायची आणि तिथून माहेरी जायची. त्या मे महिन्यात तिच्याबरोबर सां रोकही गेला, गोणपाटात गुंडाळलेला, भाताच्या पेंढ्यात निजवलेला. मी ट्रंकेवर बसले होते आणि सायबाचे पाय माझ्या मांडीला लागत होते. आजीला मी व्हडलीमाय म्हणायची. धक्क्यावर ती आम्हाला घ्यायला आली तेव्हा तिनं आधी सायबाच्या पायांचा मुका घेतला आणि मग माझा. महिनाभर राहून आम्ही परतलो. सायब चिताऱ्याकडे राहिला. फेस्ताच्या आधी पोचता करतो, म्हणाला होता.

फेस्ताच्या आधी सरहद्द बंद झाली.

ती का झाली, हे मोठी माणसं ओटीवर बसून बोलत असत. आमच्या घरापर्यंत पोचलं ते एवढंच की आता बोट वेंगुर्ल्याहून माघारी फिरते. माय हातानं तसा वळसा करून दाखवायची. त्या वर्षीचं फेस्त कुत्र्याचंच झालं. कोनाड्यात सायबाच्या जागी भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग तेवढा होता, आणि खाली कुत्रा भाकरी घेऊन बसलेला. पाद्रीबाब गोष्ट सांगता सांगता सरहद्दीपाशी आले आणि थांबले. तपकिरीच्या रुमालानं त्यांनी तोंड पुसलं. त्यांची आईही पलीकडेच होती. ते गेले असते तर परत येऊ शकले नसते, आणि आमच्या गावाला दुसरा पाद्री नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मायनं ट्रंक उन्हात ठेवली, आतली डांबरगोळी बदलली आणि ट्रंक परत माळ्यावर चढवली. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिच्या हातचं सगळं जिथल्या तिथं असायचं, भात वेळेवर, कंदील पुसलेला; पण काम करता करता ती मधेच उभी राहायची, माडांच्या वरून दक्षिणेकडे बघायची, आणि कुणी हाक मारली की दचकायची. गावातल्या बायका तिला चिडवायच्या, “गो, तुझ्या म्हायारान आमचो सायब अडकवन ठेवलो.” ती हसायची. घरात येऊन दार लोटून घ्यायची.

वडील आगबोटीवर खलाशी, दोन दोन वर्षं घरी नसत. घरात मी आणि माय. गोव्याची पत्रं सरळ येत नसत. कुणाच्या तरी हातून ती मुंबईला मामाकडे जात आणि तिथून मामा आमच्याकडे धाडी. तिकडची लिहिण्याची रीत म्हणजे कोंकणी, पण अक्षरं रोमी, इंग्रजीसारखी. मायला कुठलंच अक्षर येत नव्हतं. मला पाद्रीबाबांनी प्रार्थनेच्या पुस्तकावरून रोमी शिकवलं होतं. त्यामुळे पत्र आलं की माय पदराला हात पुसून माझ्यासमोर पाटावर बसायची आणि म्हणायची, “वाच गो.” माझ्या तोंडातून तिची आई बोलायची. चिताऱ्याचं छप्पर गळतं म्हणून सायबाला आपल्या घरी आणून ठेवलाय, हेही मीच तिला वाचून दाखवलं. माय किती हसली होती तेव्हा! “बघ, माझी आवय आणि सायब, दोगांय एकाच घरात.”

अठ्ठावन्न साली मायला आठवा महिना लागला होता. त्याआधी दोन बाळं तिच्या पोटातच गेली होती. सुईण बजावून गेली होती, हिला जपा, हिला कसला धक्का लागू देऊ नका. ते सुईणीनं मला बजावलं होतं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या आठवड्यात पत्र आलं. पोस्टमन अंगणात, पावसानं भिजलेली छत्री मिटत होता. माय भिंतीला टेकून बसली, पोटावर हात ठेवून.

“वाच गो.”

मामाचं पत्र चार ओळींचं होतं. व्हडलीमाय दोन महिन्यांपूर्वी गेली, तापानं, दोन दिवसांत. पुरलं. महिन्याची मीस, इगर्जीतली प्रार्थना, झाली. देवाची मर्जी.

मी डोळ्यांनी वाचून संपवलं. तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून आलं, “आवय बरी आसा म्हणता. ढोपरां दुखतत तिची.”

“ढोपरां? कधीपासना?”

“पावस लागल्यापासना.”

“आनी काय?”

“आनी... तांबडी कोंबडी खुडूक बसली आसा. तेरा अंडी घातल्यानी तिच्या खाली.”

माय समाधानानं हसली. कागदावर कोंबडी नव्हती. मला आजही ती कोंबडी दिसते, तांबडी, पिसं फुलवून बसलेली. तिला मी जन्माला घातली होती आणि आता तिची तेरा पिल्लं मलाच सांभाळायची होती.

बाळंतपण झाल्यावर सांगू, असं ठरवलं. बाळंतपण अवघड गेलं, मायला ताप चढला. ताप उतरल्यावर सांगू. ताप उतरला, पण दूध आटेल म्हणून सुईणीनं पुन्हा बजावलं. मुलगी झाली होती. मायनं तिचं नाव ठेवलं आंजेलीन. ते व्हडलीमायचं नाव. “लिही तिका,” माय म्हणाली, “तुझा नाव घातलंय म्हणान. आयकान तिची ढोपरां दुखाची थांबतली.” मी समोर बसून, मान खाली घालून, मेलेल्या बाईला पत्र लिहिलं. माय एकेक वाक्य सांगत होती, मधेच बाळाला थोपटत होती. पोस्टाच्या वाटेवर खाडीचा बांध लागतो. तिथं उभं राहून मी त्या पत्राचे तुकडे केले आणि ओहोटीच्या पाण्यात सोडले. मामाला वेगळं पत्र घातलं, मायच्या नावानं: कळलं, फार रडले, आता बाळामुळे सावरले आहे, तो विषय पुन्हा काढू नये. मामानं काढला नाही. त्याची साधी खुशालीची पत्रं येत राहिली आणि मी त्यांत व्हडलीमाय घालत राहिले.

माय ढोपरांसाठी तेल करायला लागली. निर्गुडीचा पाला खोबरेल तेलात उकळायचा, गाळायचा, बाटली भरून ठेवायची. वाट मोकळी झाली की द्यायचं. बाटली जुनी झाली की ते तेल शेजारच्या म्हाताऱ्यांना वाटायची आणि नवं करायची. निर्गुडीच्या उकळीचा तो कडवट वास घरभर, उशीत, माझ्या वेण्यांत. शाळेत पोरी नाक मुरडायच्या.

रविवारच्या मिशीला पाद्रीबाब गावातल्या आजाऱ्यांची नावं वाचत आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करत. मायनं त्या यादीत आपल्या आईचं नाव घातलं. आजाऱ्यांत तिचं नाव असेल तर मेलेल्यांत ते येणार नाही. आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना झाली नाही तर जीव पुर्गातोरात अडकून राहतो, आगीत, स्वर्गाच्या वाटेवर मधेच, हे आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे व्हडलीमाय माझ्यामुळे तिथं होती. मेलेल्यांचा मुख्य दिवस नोव्हेंबरातला. सगळे दफनभूमीत मेणबत्त्या लावत होते आणि मी चिऱ्याच्या गडग्याला टेकून एकेक नाव ऐकत होते. तिचं आलं नाही.

मी कुमसाराला गेले, म्हणजे पाप सांगायला. लाकडी जाळीपलीकडे पाद्रीबाबांचा तपकिरीचा वास येत होता. मी सगळं सांगितलं.

“तुवें तिका सांगूंक जाय, बाये.”

“माका जमणा नाय. तुमी सांगा.”

“हांवें सांगूंक नज. हांगा आयकल्लें हांगाच उरता.”

कुमसारात ऐकलेलं पाद्री मरेपर्यंत कुणाला सांगू शकत नाही. हे मला तोंडपाठ होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

“मगे तिच्यासाठी मीस तरी करा.”

“करतां. नांव घेवचोना. देवाक नांव कळटा.” मग थोड्या वेळानं, “सांग तिका. रोखडेंच, आतांच सांग.”

मी सांगितलं नाही. आणि पुढच्या रविवारी पाद्रीबाब आजाऱ्यांची यादी वाचायला उभे राहिले. यादीतून नाव गाळलं असतं तर मायनं विचारलं असतं. त्यांनी वाचलं, “आंजेलीन, गोंय.” आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांहून जास्त, दर रविवारी, त्या एका नावापाशी त्यांचा आवाज खरखरायचा. त्यांच्या मागे कोनाड्यात तो पांढरा डाग आणि काळा पडत चाललेला कुत्रा. सायब नव्हता म्हणून लोक कुत्र्यासमोरच मेणबत्त्या लावायला लागले होते. पाद्रीबाब आधी रागवायचे, नंतर रागवेनासे झाले.

त्या वर्षांतलं मला बालपण असं फारसं आठवत नाही. चिंचा आठवतात, शिंपल्यांच्या चुन्यानं पांढरे झालेले हात आठवतात, आंजेलीनच्या टाळूचा दुधाचा वास आठवतो. पण सगळ्याच्या खाली कायम एकच विचार: आता काय वाचायचं? ढोपरं जरा बरी की तशीच? तेरा पिल्लांपैकी घारीनं किती नेली? परवा काय सांगितलं होतं? मायच्या सगळं लक्षात असायचं. ती पिल्लांची चौकशी नावानिशी करायची.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, वाट मोकळी झाली. कुणीतरी धावत येऊन घंटा बडवली. बायका मायच्या गळ्यात पडल्या. माय रडत होती, हसत होती, आंजेलीनला उचलून गरगर फिरवत होती. मी चुलीपाशी बसून राहिले.

वैशाखात गावच्या चार पुरुषांनी मचव्यातून सायबाला आणायला जायचं ठरवलं. मायही निघाली. सकाळी तिनं ट्रंक भरली. सोलं, कुळथाचं पीठ, आंजेलीनसाठी शिवलेला फ्रॉक, तेलाची बाटली. “हिका पयली तिच्या मांडयेर बसयतलंय,” ती म्हणाली. “मगे बोलतलंय.”

“माय, रव. व्हडलीमाय नाय.”

“नाय म्हणजे? खंय गेली?”

“गेली. वारली.”

माय माझ्याकडे बघत राहिली. “कोणी सांगला तुका?”

“पत्रात होता.”

“खंयच्या पत्रात?”

मी आंजेलीनकडे बोट दाखवलं. “हिच्या आधीच्या.”

आंजेलीन साडेतीन वर्षांची झाली होती. उंबऱ्यावर बसून फ्रॉकची फीत चघळत होती. माय तिच्याकडे बघत राहिली, डोक्यापासून पायापर्यंत, जणू तिची उंची मोजत होती. मग अगदी हळू विचारलं, “आनी ती ढोपरां?”

“ती माकाच सुचली.”

ती ट्रंकेवर बसली. तिनं मला मारावं, असं मला फार वाटत होतं. गडी हाक मारायला आले, मचवा भरतीवर सुटणार होता. ती उठली. ट्रंक बंद केली, आंजेलीनला कडेवर घेतलं. मी माझी चप्पल घालायला लागले, तर ती म्हणाली, “तू रव.” एवढंच. बांधावरून जाताना तिनं मागं बघितलं नाही.

मी शेजारच्या मावशीकडे राहिले. आठ दिवसांनी सायब आला. मचव्यात उभा, गोणपाटावरून फुलांच्या माळा घातलेला. माय त्यात नव्हती. सगळा गाव धक्क्यावर जमला होता. गोणपाट सोडलं. चिताऱ्यानं सायबाला गोरापान केला होता. गालांवर गुलाबी, बारीक नाक, वर लागलेले निळे डोळे. “ह्यो आमचो नाय,” एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली. पाद्रीबाबांनी त्याला कोनाड्यात उभा केला. शेजारी तो डांबरासारखा कुत्रा, आणि हा कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातला माणूस. सात वर्षं तुरुंगात राहून आलेला माणूस ओळखू येत नाही, असं पाद्रीबाब म्हणाले. ते प्रवचनात म्हणाले की सहज, ते आता आठवत नाही.

माय पाऊस लागल्यावर आली, एसटीनं आणि पुढे चालत. गुडघ्यापर्यंत चिखल, आंजेलीन पाठीवर. मला म्हणाली, “पाणी ताप.” पुढचे कित्येक आठवडे आमच्यात असंच बोलणं होतं. पाणी ताप, भात वाढ, हिका घे. माहेराबद्दल तिनं एकदाच सांगितलं, तेही मला नाही, मावशीला: ज्या खोलीत आई गेली तिथंच सायब उभा होता, शेवटचे दोन दिवस तिनं त्याच्याकडे तोंड करून काढले. ढोपरं तिची शेवटपर्यंत धड होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाद्रीबाबांकडे गेली. मला तिच्याबरोबर जायचा धीर झाला नाही; मी इगर्जीच्या गडग्याआड उभी राहिले. पाद्रीबाब ओटीवर खुर्चीत बसले होते. माय पायरीवर.

“पाद्रीबाब, तुमका खबर होती?”

त्यांना मानही हलवता येत नव्हती. ते समोर पावसाकडे बघत होते, आणि त्यांच्या हातातली तपकिरीची डबी उघडी राहिली होती. माय खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरा. माका वाचूक शिकवा.”

रोज दुपारी ती जायला लागली. प्रार्थनेचं पुस्तक, त्यावर तिचं जाड बोट, माशांच्या काट्यांनी चिरलेलं. घरी काम करताना ती अक्षरं पुटपुटायची. माझ्या बाजूनं गेली तर गप्प व्हायची. मामाचं पत्र आलं की ती ते कनवटीला लावायची आणि ओटीवर जाऊन, एकटी, दोन दोन तास वाचत बसायची. मला पुन्हा कधीही तिनं “वाच गो” म्हटलं नाही. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या यादीसाठी तिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली, आणि पाद्रीबाबांनी नाव वाचलं, “आंजेलीन.” त्या दिवशी त्यांचा आवाज खरखरला नाही. माय माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातातली मेणबत्ती विझली, तेव्हा तिनं ती माझ्या मेणबत्तीवर पेटवून घेतली. तेवढंच.

पुढे मी मुंबईला नर्सिंग शिकायला गेले. मी घरी पत्रं लिहायची; माय उत्तर मामाला लिहायची आणि ते मला त्याच्या तोंडून कळायचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक पाकीट आलं, पत्त्यावरची अक्षरं कुदळीनं खोदल्यासारखी. आत मायच्या हातच्या चार ओळी होत्या, ना पूर्णविराम ना काही:

आंजेलीनीक ताप इलो हा आज पाच दिस झाले उतरलो नाय
डॉक्टर म्हणता कळणा नाय
बरी आसा म्हणान मी लिवचंय नाय
तू येव नको हांगा मी आसंय

वसतिगृहाच्या जिन्यात मुली वरखाली जात होत्या. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि ते पत्र मोठ्यानं वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, जसं लिहिलं होतं तसं.